व्याही उलटा फिरला

हॅलो?… हॅलो, कोण?… मेघाली, तू होय. बोल गं… हां, येतोय आवाज. माझा येतोय का?… थांब, ओट्यावर जाते, घरात रेंज नाय धरत.

हां. आता बोल.

झोपलेत. आत्ताच डोळा लागलाय. दुपारची गोळी पोटात गेली की झोपतात… नाय, ताप नाय. हात उशीवर ठेवलाय, डॉक्टरने सांगितलंय तसा, उंच… अगं हो, उंचच. पण तुझा दादा झोपेत कुठे ऐकतोय. सारखा खाली घेतो. मी बाजूला बसते आणि परत उचलून ठेवते.

दोन बोटं. अंगठ्याशेजारची दोन, उजव्या हाताची… एकात तार घातलीय, दुसऱ्याला टाके. बोईसरच्या डॉक्टरने फोटो दाखवला. हाडं जुळतील म्हणाला. बोटं वाकतील का, ते पट्टी सोडल्यावर बघू म्हणाला… हो ना. कोरायची बोटं तीच. छिन्नी त्यातच धरतात. सोन्याच्या बांगडीवर बाया नक्षी बघतात ना, ती आधी या बोटांनी लोखंडाच्या डायवर, ठशावर, कोरलेली असते… हो गं, तुला कशाला सांगतेय मी, तू त्याच घरात वाढलीस. मी आपली बडबडतेय.

रडू नको. हे बघ, तू रडलीस तर माझं आणखी अवघड होईल.

मी?… मी काय केलं त्यात. नवऱ्याचं सगळ्याच बायका करतात… नाय, असं नको म्हणूस… अगं, मी होते म्हणून वाचला असं काय नाय. नको म्हणूस म्हटलं ना. उलट… जाऊ दे. काय नाय. तू चहा घेतलास का?

घेतला. बरं केलंस.

काय?… मोटर?… कुठली, तुमच्या घरची? तिचा काय दोष? अगं, तुझे मामंजी असं म्हणाले? सफाळ्याला बसून त्यांना काय दिसतंय… पनवती-बिनवती काय नाय. तुमची भातगिरणी बंद झाली त्यात त्या मोटरीचं काय चुकलं, तुमच्याकडे भात घेऊन यायचंच बंद झालं लोकांचं… नाय, फेकायची नाय. लिंबू-मिरची तर मुळीच नको बांधायला, ती फिरते, लिंबू कुणाच्या तरी डोळ्यात जाईल.

काय करते म्हंजे?… तुला कोणी सांगितलंच नाय का अजून? एवढी जड मोटर टेम्पोत घालून दिलीत आणि विचारलं पण नाय कशाला पायजे… बरं ऐक, सांगते. आपल्या घरात सिंगल फेज हाय. दिवे, पंखा, मिक्सर, झालं. आणि तुझ्या दादाने लेथ आणली तारापूरच्या बंद कारखान्यातली. विकणारा मला म्हणत होता, भाभी, मशीन एकदम मक्खन है. मक्खन तर मक्खन, पण तिला लागतात तीन फेज. तीन फेजचे खांब रस्त्यापर्यंत आलेत, आपली वाडी पडली आत. अर्ज दिलाय, नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर काय करायचं, लेथवर सुकट वाळत घालायची?

हां, तर तो प्रीतम, बोईसरचा वायरमन, तो म्हणाला, तीन फेजची एक मोठी जुनी मोटर आणा. ती घरच्या लाईटवर नुसती फिरती ठेवायची. फिरता फिरता राहिलेला फेज तीच बनवते आणि लेथला देते… अगं खरंच. मला पण थाप वाटली होती. पण चालते. वर्ष झालं, चालतेय.

नाय, तिला काय बांधायचं नाय. पट्टा नाय, काय नाय. ती आपली ओट्यावर बसून फिरते. म्हणून तर दादाने नाव ठेवलं व्याही. तुझ्या सासरहून आले, ओट्यावर बसले, काडीचं काम करत नायत, पण त्यांचा मान राखल्याशिवाय घरात काय हलत नाय… हसलीस ना? हस. मामंजींना सांगू नको फक्त. रोज सकाळी दादा विचारतो, व्याही उठले का. आणि व्याही उठले की शेजारच्या स्नेहाचा टीव्ही मिचमिच करतो. ती तिकडून ओरडते, झाला का गं पाहुणचार सुरू.

विचारायचा… आता नाय विचारत. बंद हाय सगळं.

थांब, मध्येच टूं टूं वाजतंय… कोण नाय… जिवल्या.

नाय उचलत… अगं, काय बोलू त्याच्याशी?… तू पण नको बोलू, तुझं तोंड चालू झालं की थांबत नाय… मेघाली, नको. शिव्या नको देऊस त्याला… हो, चक त्यानेच चढवला होता सकाळी. तेल घालायला काढला, साफ केला, परत चढवला. पण… चक म्हंजे काय तुला माहीत हाय ना? लोखंडाचा जाड गोळा असतो, नारळापेक्षा मोठा, त्याच्या जबड्यात लोखंडाचा ठोकळा धरतात. तो लेथच्या दांड्यावर आट्यांनी बसतो. बाटलीला बूच फिरवून बसवतो तसा… हो. तोच पडला. दादाचा हात खाली होता.

सगळे हेच म्हणतायत. चक घट्ट बसवला नाय जिवल्याने. दादा पण तेच म्हणतात. रिक्षात बसताना हाताला माझी ओढणी गुंडाळलेली, सगळी लाल झालेली, आणि हे त्याला म्हणाले, तू परत माझ्या मशीनला हात लावू नको. एवढंच. ओरडले पण नायत.

तो काय म्हणणार. तिथेच उभा होता माडाला धरून. आमी रस्त्याला लागलो तरी उभाच. मग चालत गेला असेल स्टेशनला. त्याच्या वाटणीची भाकरी टोपल्यात तशीच राहिली.

ताडी? कोण म्हणालं?… तो ताडी पीत नाय. गणपतीत पण पीत नाय. कोणाच्या पण तोंडात काय पण येतं… नाय, मी त्याची बाजू घेत नाय. जे हाय ते सांगते. दादाबरोबर एकाच उस्तादाकडे शिकायला बसलेला माणूस हाय तो. दादाचा हात कोरण्यात बसला, ह्याचा लेथवर, म्हणून हे दोघं एकत्र राहिले. आजवर त्याने चढवलेला चक कधी सुटला नाय.

हां… हां, म्हंजे आता सुटला. सुटला ना. दिसतंयच.

काय, ही गोष्ट आत्ता घालतेस कानावर?… कोण येतोय?… भगवंत म्हंजे तुझ्या जावेचा भाऊ? तो लेथ चालवतो?… बरं… बरं… चांगला असेल गं, मी कुठे नाय म्हणते. पण उद्याच? एवढी काय घाई, आधी दादाची पट्टी तरी सुटू दे… दादाशी बोललीस पण? कधी?… मी पाणी तापवत होते तेव्हा होय. मला काय बोलले नायत.

अगं नाय, राग कशाचा. तुमी भाऊ-बहीण ठरवाल ते. मला फक्त… मला वाटत होतं जरा थांबावं. जिवल्या काय…

काय?… कोणी बघितलं?

भाऊजी जिवल्याच्या गावाला, मासवणला, कशाला गेलेले?… बरं. आणि तिथे कळलं?… मुकादमाची गाडी?… नीट सांग गं… भिवंडीकडे. वीटभट्टीवर. उद्या सकाळी… तो आणि त्याची बायको लाडकी, दोघं?… उचल घेतली?… नाय अजून. पण जाणार.

सोय झाली म्हणतेस.

कसली सोय, मेघाली? लेथवर जन्म गेलेला माणूस विटा थापणार आणि तू म्हणतेस सोय झाली. त्याची नको काळजी करूस म्हणे. मी नाय करायची तर कोण करणार?

नाय, तुझ्यावर नाय चिडले. हो, चिडले. तुझ्यावर नाय.

अगं ऐक… ऐक ना. मध्ये बोलू नको, नायतर परत माझ्याच्याने बोलवणार नाय. काल लाडकीचा फोन आला होता. तो मी उचलला. मला वाटलं पैसे-बिसे मागेल, आणि मी देऊन मोकळी होईन. तिने काय मागितलं नाय. म्हणाली, वहिनी, शेटचा हात कसा हाय. म्हणाली, हा जेवत नाय. दोन्ही हात असे पुढे धरून बसतो आणि म्हणतो, या हातांनी बसवला चक, या हातांनी माझ्या माणसाचा हात घालवला. आणि मी काय म्हटलं तिला माहीत हाय? बरं. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याला खरं वाटतंय, मेघाली. त्याला स्वतःला खरं वाटतंय की त्याने चक सैल ठेवला.

नव्हता सैल.

मला माहीत हाय कारण… थांब, आत बघून येते.

झोपलेत. हात पडला होता खाली, उचलून ठेवला.

हाय ना तू? हां. सांगते. परवा सकाळी मी भाकऱ्या थापत होते. तांदळाच्या. उजवा हात कोपरापर्यंत पिठात. जिवल्या मागे विहिरीवर गेला होता हात धुवायला, जेवायची वेळ झालेली. दादा लेथवरच. तेवढ्यात लाईट गेली. गेली म्हंजे काय, डोळा मिटावा तशी गेली आणि आली. पण व्याही थांबले. ते एकदा थांबले की आपसूक उठत नायत. बटण दाबलं तर नुसतं हूं हूं करत बसतात आणि तापतात. मग पुलीला दोरी गुंडाळायची, ओढायची, जोरात फिरायला लागले की खटका वर करायचा. कंडेन्सर लावून बटणावर सुरू होते म्हणाला होता प्रीतम, पुढच्या खेपेला लावतो म्हणाला. राहिलं ते.

तर दादाने आतून हाक मारली, दोरी. जिवल्या नव्हता. परत हाक मारली, अरे कोणीतरी दोरी ओढा. मग म्हणाले, हेमांगी, दोरी.

हो, मला मनाई हाय. ओढणी अडकेल म्हणून मला तिथे जाऊच देत नायत. पण हाक मारली ना. आणि मला पण त्या दिवशी जरा… सकाळपासून बिनसलं होतं आमचं. माझ्या भाचीच्या हळदीला जायचं की नाय यावरून. म्हटलं, घ्या तुमची दोरी. गेले तशीच तणतणत. उजवा हात पिठाचा. मोकळा होता तो डावा.

डाव्याने गुंडाळली. डाव्याने ओढली.

… 

हॅलो? हाय ना लाईनवर?

नाय कळलं? कसं सांगू… भिंतीवर प्रीतमने लाल बाण काढलाय. दोरी त्या बाजूने गुंडाळायची, कारण व्याह्यांना आपली अशी दिशाच नाय. पहिल्यांदा फिरवाल तिकडे ते फिरतात, आणि ते ज्या बाजूला फिरतात त्या बाजूला लेथ फिरते. हे तो दादाला आणि जिवल्याला समजावत होता तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. ऐकलं होतं मी. बाण रोज बघते. पण डाव्या हाताने गुंडाळली की ती उलटीच गुंडाळली जाते, उजव्याच्या उलट. आणि राग डोक्यात असला की कोण बाण बघतो.

मग?… मग काय. मी खटका वर केला. लेथ उलटी सुरू झाली, झटक्यात. चक जड, तो मागे राहिला आणि आट्यांवरून सुटला. बूच उघडतो तसा. दादा वाकून ठोकळ्याला हात लावून बघत होते, कसा झालाय. मला त्यांचा आवाज पण नाय आला आधी. लोखंड पडल्याचा आला.

जिवल्या धावत आला, त्यानेच खटका पाडला. म्हणून तर कोणी बघितलं नाय व्याही कुठल्या बाजूला फिरत होते. दोरी खाली पडली होती. त्याने ती उचलून खिळ्याला अडकवली, सवयीने. दोरी कोणी ओढली हे कोणी विचारलंच नाय गं. दादाला वाटतं, हाक माझ्या नावाने मारली तरी जिवल्यानेच विहिरीवरून येऊन ओढली. जिवल्याला वाटतं दादाने स्वतः ओढली. आणि मी पीठ धुतलं.

नक्की म्हंजे?… नक्की. त्या रात्री दादाला दवाखान्यात ठेवलं ना, मी कपडे न्यायला घरी आले होते. चक जमिनीवर पडलेला, लेथचा नुसता दांडा उघडा. मी उजव्या हाताने दोरी गुंडाळली, बाणाच्या बाजूने. ओढली, खटका वर. दांडा सरळ फिरला, कामाच्या बाजूने. बंद केलं. मग डाव्याने गुंडाळली, जशी तेव्हा गुंडाळली होती तशी. उलटा फिरला. मी परत केलं. परत उलटा. स्नेहाने तिकडून हाक मारली, वहिनी, आता कशाला व्याह्यांना उठवताय. मी म्हटलं, काय नाय, बघतेय चालते का.

तेव्हापासून माझ्या तोंडात चव नाय.

अगं, सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. दवाखान्यात हे म्हणाले, जिवल्याने घात केला. माझ्या तोंडापर्यंत आलं, आणि मी पाण्याचा ग्लास पुढे केला. परत म्हणाले, परत पाणी. मला म्हणाले, हेमांगी, किती पाणी पाजतेस… हसू नको. हसलीस की रडलीस?

हो. मी पण दोन्ही करते.

बटण?… तेच तर. मी पण तेच धरून बसले होते. लाईट गेली की लेथचं बटण बंद करायचं हा त्यांचाच नियम. त्यांनी नाय केलं. चुकलंच त्यांचं. दोन दिवस मी मनात हेच म्हणतेय, बटण तर त्यांचं चालू होतं, बटण तर त्यांचं. पण बटण चालू असतं आणि लेथ सुलटी फिरली असती तर चक कशाला सुटला असता? दचकून हात मागे घेतला असता, मला चार शब्द बोलले असते आणि भाकरी खाल्ली असती. नाय गं. पुरत नाय ते. कितीदा पांघरलं तरी पाय उघडेच राहतात.

काय म्हणतेस?

परत म्हण.

… 

नको सांगू म्हणतेस.

हो, ऐकतेय… हो, संसार माझाच हाय… हो, दादाच्या मनातून उतरेन, माहीत हाय. बोटं वाकली नायत तर रोज ताट वाढताना तो हात माझ्यासमोर असणार, ते पण माहीत हाय. मला हे कळत नाय असं वाटतं तुला? त्याचीच तर भीती हाय मला. दुसरी कसली हाय?… हां. जिवल्या काय, गरीब माणूस, कुठे पण पोट भरेल. हां. चार महिन्यांत विसरेल.

आई काय म्हणायच्या ते नको काढू आता… डावा हात अपशकुनी. काढलंसच शेवटी. लग्नानंतर वर्षभर माझ्या डाव्या हाताला फडकं बांधून ठेवायच्या चुलीपाशी. वाढताना डावा यायचा नाय, हळदीकुंकवाला डावा यायचा नाय. शिकले मी. सगळं उजव्याने शिकले. आता कोणाला आठवत पण नाय मी डावखुरी हाय ते. पण तुला आठवतं ना, ते फडकं कोण सोडायचं? आई वाडीत गेल्या की तूच सोडायचीस. शाळेच्या कपड्यात यायचीस, दातांनी गाठ सोडायचीस, आणि म्हणायचीस, वहिनी, आता पटापट कर. ती तू. आणि आज तूच मला सांगतेस, हात लपव.

रडू नको गं. टोचून नाय बोलले. बोलले, पण तुला नाय.

हे बघ, हात अपशकुनी नाय. हात हातासारखा हाय. बाण नाय बघितला ते माझं चुकलं, आणि नंतर गप्प बसले ते त्याहून चुकलं. हाताचं काय नाय त्यात. पहिलं घाईत झालं. दुसरं तर मी रोज बसून करतेय. आत्ता, तुझ्याशी बोलत होते तोवर पण करत होते. ताडी पीत नाय म्हटलं, बाजू घेतली त्याची, आणि मनात म्हटलं, बघ हेमांगी, किती चांगली तू.

तो काम गेलं म्हणून नाय जेवत, मेघाली. काम काय, मिळेल. तो दादाचा हात आपल्या डोक्यावर घेऊन चाललाय भट्टीवर. माझं ओझं हाय ते. माझ्या घरातलं. मी वाढून ठेवलंय आणि तो खातोय.

नाय, सांगते मी. आज सांगते… कधी ते मला नको विचारू, उठले की… घाबरले हाय गं. घाबरलेच हाय. हात बघ कसे गार पडलेत, तुला दिसत नाय पण बघ.

थांब.

उठलात होय?… काय पायजे, पाणी?… नको? बरं… मेघाली हाय. सफाळ्याहून… मेघाली, हे आलेत ओट्यावर. तुला विचारतायत, भगवंत कुठल्या गाडीने येतो, वाणगाव स्टेशनला कोणाला तरी पाठवायला लागेल म्हणतात.

सांगते त्यांना… काय सांगू?… तू नको सांगू म्हणतेस, ते म्हणतायत लवकर बोलाव, आणि मी मध्ये उभी, तिसरा फेज.

तुमी बसा हो. इथे, खुर्चीवर. उभे नका राहू, चक्कर येईल. हात वर धरा… कोणाशी काय भांडतेय? कोणाशी नाय. बसा. मला तुमच्याशी बोलायचंय… नाय, आत नाय. इथेच.

मेघाली, परत टूं टूं वाजतंय… त्याचाच… हो, आता उचलते… नाय. नाय गं, आता नको थांबवू. भगवंताला पाठवू नको. हो, मी सांगते म्हणून. दादाच्या वतीने नाय, माझ्या वतीने. वाटलं तर मग चार दिवस बोलू नको माझ्याशी. ठेवते.

हॅलो?

हां, जिवल्या. मीच… कुठे हायस, घरी?… सामान बांधलं?… थांब. थांब, तू काय बोलू नको… माफी नको मागूस, ऐक आधी. जिवल्या, ऐक. मी फोन मोठ्याने लावते, शेट पण इथेच बसलेत. त्यांनी पण ऐकायला पायजे.

ऐकू येतंय ना? लाडकीला पण जवळ घे.

तू चक नीट बसवला होतास. घट्ट बसला होता तो. लाईट आली तेव्हा दोरी मी ओढली, डाव्या हाताने, बाण न बघता. व्याही उलटा फिरला. लेथ उलटी फिरली. म्हणून चक सुटला. दुसऱ्या कशाने नाय. मी रात्री परत फिरवून बघितलं, उलटाच फिरतो… मला परवापासून माहीत हाय. मी गप्प बसले.

… 

जिवल्या? हॅलो?… लाडकी, तू हायस का गं तिकडे? रडतोय का तो?… रडू दे त्याला. 

हो, ऐकलं त्यांनी. समोरच हायत… नाय. माझ्याकडे बघतायत… तुमी काय तरी बोला हो. मला बोला, पण बोला. आणि तो हात खाली गेलाय बघा, वर घ्या आधी.

गाडीत बसू नको उद्या, जिवल्या. एवढंच सांगते. ह्यांनी मला घराबाहेर काढलं तरी तू गाडीत बसू नको… थांब. थांब जरा, ते हात पुढे करतायत. फोन दे म्हणतात.

देते. घ्या… तो नाय, तो वर राहू दे. डाव्याने धरा.